चेंबरचं पॅकिंग पुन्हा गळतंय, त्याबद्दल

दादा, जुन्या ट्रकच्या चेंबरला, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याला, नवीन पॅकिंग टाकूनही महिन्याभरात तेल गळायला लागलं म्हणताय, तर दोष पॅकिंगचा असेलच असं नाही. आधी इंजिन बाहेरून धुऊन घ्या, कात्रजपर्यंत एक चक्कर मारा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. टॅपेट कव्हरचं (इंजिनवरचं झाकण) नाहीतर इंजिनच्या मागच्या ऑइल सीलचं तेलही ओघळून चेंबरवरच येतं. ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी, चोक असेल तर काहीही बदला, गळणारच.

चेंबरच गळत असेल तर ते उतरवून काठावर लोखंडी पट्टी उभी धरा, खाली फट दिसते का बघा. बोल्ट कचकचून आवळले की भोकांभोवतीचा पत्रा फुगतो आणि दोन भोकांच्या मधे फट राहते. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने ते उंचवटे बसवा. बरेच मिस्त्री हे टाळतात आणि वरून सिलिकॉन थापतात; तेच सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं.

पॅकिंग पुण्यात नाना पेठेत मिळेल. कॉर्कचं असेल तर वाकवून बघा, तडकलं तर घेऊ नका. बोल्ट मधून टोकांकडे, थोडे थोडे आवळा. इंजिन एकदा तापून थंड झालं की पुन्हा हलका पाना फिरवा, कॉर्क दबून बोल्ट सैल पडतात.