‘विष पचवणे’: वनस्पतीच्या पेशीसाठी हे क्रियापद चालेल का?

अनुवादिका_दादर: अकरावी-बारावीच्या मुलांसाठी वनस्पतींमधल्या अल्कलॉइडांवर, म्हणजे त्या बनवतात त्या नायट्रोजनयुक्त, बहुधा विषारी संयुगांवर लेख लिहिते आहे. ‘सदाफुली स्वतःचं विष पचवते’ असं लिहिलं, पण पटत नाही. ‘सहन करते’ म्हणावं, तर झाड त्रास सोसतंय असं वाटतं. काय लिहावं?

गिरगावकर: ‘पचवते’च ठेवा, ताई. शंकराने हलाहल पचवलं, असं म्हणतोच की आपण.

वनस्पती_माटुंगा: काका, कथेतसुद्धा शंकराने हलाहल पोटात जाऊ दिलं नाही, कंठातच धरलं, म्हणून तर तो नीलकंठ. पचवणं म्हणजे मोडून त्याचं दुसरं काही करणं. पेशीत अल्कलॉइड बहुतेक वेळा जसंच्या तसं शाबूत असतं, म्हणून ‘पचवणे’ इथे चुकीचंच.

तंबाखूचं बघा. निकोटीन मुळांत तयार होतं, पाण्याबरोबर पानांत चढतं आणि तिथल्या पेशींच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत साठतं. रिक्तिकेच्या पटलावरची वाहक प्रथिनं ते आत घेतात. पेशीद्रवाचा सामू (pH) ७ च्या जरा वर, रिक्तिकेचा साधारण ५ ते ५.५. अल्कलॉइड आम्लारिधर्मी, त्यामुळे आतल्या आम्लात प्रोटॉन घेऊन ते धनभारित होतं, आणि भारित रेणूला पटल सहजी ओलांडता येत नाही. याला ‘कोंडून ठेवणे’ म्हणा.

सदाफुलीची तऱ्हा आणखी वेगळी, आणि मला फार आवडते. कर्करोगावरचं औषध व्हिनब्लास्टिन हे कॅथरँथिन आणि विंडोलिन ही दोन अल्कलॉइडं जोडून बनतं. पैकी कॅथरँथिन पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात सोडलेलं असतं, विंडोलिन आतल्या पेशींत. दोघांची गाठच क्वचित पडते, म्हणून पानांत व्हिनब्लास्टिन अगदी थोडं मिळतं. याच झाडात स्ट्रिक्टोसिडिन हे आणखी एक अल्कलॉइड रिक्तिकेत असतं आणि त्याला तोडणारं विकर (एन्झाइम) केंद्रकात. अळीने पान चावलं, पेशी फुटली, की दोन्ही एकत्र येतात आणि प्रथिनांना चिकटून बसणारा अतिशय क्रियाशील रेणू तयार होतो. इथे ‘वेगळं ठेवणे’ हेच खरं वर्णन.

अनुवादिका_दादर: पण कोंडलेलं थोडंफार झिरपलंच तर?

वनस्पती_माटुंगा: तिथे आपलं ‘बाधणे’ चपखल बसतं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्कपेशी मारणारं अल्कलॉइड असतं. डीएनएचे पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज या विकराला ते जखडून ठेवतं, आणि ते विकर वनस्पतींनाही लागतंच. मात्र कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या ओफिओरायझा आणि कॅम्प्टोथेका या वनस्पतींत त्या विकरातली काही अमिनो आम्लंच बदललेली आढळली (२००८). माणसाच्या ज्या कर्कपेशी कॅम्प्टोथेसिनला दाद देत नाहीत, त्यांतही तसाच एक बदल सापडला आहे. म्हणजे विष समोर आहे, पण बाधत नाही. शीर्षकात ‘सहनशीलता’ राहू द्या, मजकुरात मात्र प्रत्येक ठिकाणी नेमकं क्रियापद हवं.

गिरगावकर: पटलं. शनिवारी मारुतीला वाहतो त्या रुईचा चीकही असाच का?

वनस्पती_माटुंगा: चीक विषारी खरा, पण त्यातली मुख्य विषं अल्कलॉइडं नव्हेत, हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडं (साखरेचा रेणू जोडलेली संयुगं) आहेत. ताई, उदाहरण अफूचं घ्या: मॉर्फिन तिच्या चीकवाहिन्यांत, सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं असतं.

अनुवादिका_दादर: घेते. वाक्य बदललं: ‘सदाफुली आपल्या विषाचे घटक वेगवेगळ्या जागी ठेवते.’