जर्मनीतलं हर्डे: स्टील प्लांटच्या जागी झालेलं तळं बघायचंय, दिवस कसा आखावा?

जालना_रोलिंग
नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये वायर आणि ट्यूबच्या प्रदर्शनासाठी ड्युसेलडॉर्फला जातोय. चौघं आहोत, सोबत बाबा. बाबांची सगळी नोकरी रोलिंग मिलमध्ये गेली, आता गुडघे दुखतात, सलग दोन किलोमीटरच्या वर चालवत नाही. प्रदर्शन संपल्यावर शनिवार मोकळा आहे. डॉर्टमुंडजवळ हर्डे इथं जुना स्टील प्लांट काढून तिथं तळं केलंय म्हणतात. ड्युसेलडॉर्फहून जाऊन एका दिवसात परत येणं जमेल का? आणि लोखंडातल्या माणसाला बघण्यासारखं तिथं काही उरलंय, की नुसतं पाणी आणि हॉटेलं? आम्ही सगळे शाकाहारी आहोत, तेही सांगा.

रूळ_परभणी
आरामात जमेल. ड्युसेलडॉर्फच्या मुख्य स्टेशनातून आरई १ किंवा आरई ६ ही गाडी धरा, दोन्ही डुइसबुर्ग, एसेन, बोखुम करत डॉर्टमुंडला जातात. साधारण तासाभराचा प्रवास. डॉर्टमुंड मुख्य स्टेशनात खाली उतरलात की यू ४१ ही भुयारी गाडी, हर्डे किंवा क्लारेनबर्गच्या दिशेची. दहा-बारा मिनिटांत 'हर्डे बानहोफ'. तिथून तळं चालत दहा मिनिटांच्या आत.

चूक होते ती तीन ठिकाणी. पहिली, आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान गाडी. त्याच रुळांवरून तीही जाते, लवकर पोचते, म्हणून लोक चढतात. पण प्रादेशिक तिकीट किंवा डॉइचलँड-तिकीट (देशभरच्या प्रादेशिक गाड्यांचं मासिक तिकीट) तिच्यात चालत नाही आणि दंड किमान ६० युरो. गाडीच्या नावात आरई, आरबी किंवा एस असेल तरच चढा. दुसरी, मशीनमधून घेतलेलं कागदी तिकीट. त्यावर वेळेचा शिक्का आधीच नसेल तर चढण्यापूर्वी छोट्या पेटीत घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. नुसतं तिकीट खिशात असणं पुरत नाही. चौघांना मिळून दिवसभराचं गट-तिकीट सुट्यापेक्षा बहुतेक स्वस्त पडतं, मशीनवर दोन्हींची तुलना करा. तिसरी, नकाशा. नुसतं 'फिनिक्स' टाकलं तर 'फिनिक्स वेस्ट' येतं, ते दोनेक किलोमीटर पश्चिमेला आहे. तळ्याचं नाव 'फिनिक्स झे', झे म्हणजे तळं.

शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस सोडतात. आदल्या रात्री रेल्वेच्या ॲपवर परतीची गाडीही बघून ठेवा.

लॅडल_जालना
दादा, उरलंय. पण ते कुठं उभं आहे ते माहीत नसेल तर समोरून निघून जाल, म्हणून सविस्तर लिहितो.

पश्चिम टोकाला छोटं बंदर आहे, हॉटेलं तिथंच. त्याच्या शेजारी जुनी गढी दिसेल, हर्डेची बुर्ग. पिपेनश्टॉक नावाच्या उद्योजकाने १८४१ मध्ये हेरमानस्ह्युटे हा कारखाना सुरू केला तो या गढीपासून. गढीनंतर बंदराजवळच्या बेटावर जा. तिथं थॉमस कन्व्हर्टर ठेवलाय, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचं पोलाद करायचं भांडं. पोट फुगलेलं, तोंड निमुळतं, बाजूला फिरवण्याचे दांडे. बाबांना तिथं बसवा, पंधरा मिनिटं त्यासाठीच ठेवा.

त्याचं महत्त्व असं. युरोपातल्या बऱ्याच खनिजात फॉस्फरस भरपूर होता आणि फॉस्फरस जास्त झाला की पोलाद थंडीत ठिसूळ होतं. आधीच्या बेसेमर पद्धतीच्या भांड्याला आतून आम्लधर्मी लायनिंग (अस्तर) असायचं, त्यामुळे फॉस्फरस निघत नसे. थॉमस या इंग्रज संशोधकाने लायनिंग डोलोमाइट या अल्कधर्मी दगडाचं केलं, चुना टाकला आणि बुडातल्या भोकांतून हवा फुंकली. चुन्याने फॉस्फरस स्लॅगमध्ये, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीत, ओढून घेतला. वेगळं इंधन लागत नव्हतं, फॉस्फरस जळतानाच उष्णता द्यायचा. तोच स्लॅग दळून शेतात खत म्हणून जायचा. हर्डेत १८७९ साली हे पोलाद निघालं, युरोप खंडावरच्या पहिल्या ठिकाणांपैकी एक.

आपल्या जालन्याच्या इंडक्शन फर्नेसशी (विजेवर वितळवणाऱ्या भट्टीशी) ताडून बघा. आपलं रॅमिंग मास (भट्टीत ठोकून बसवलेलं अस्तर) सिलिकाचं, म्हणजे आम्लधर्मी. भट्टीत फॉस्फरस कमी होत नाही. स्क्रॅप (भंगार) आणि स्पंज आयर्नमध्ये जेवढा आला तेवढा बिलेटमध्ये, म्हणजे ओतलेल्या पोलादाच्या कांडीत, जातो. म्हणूनच चार्ज (भट्टीत टाकायचा माल) निवडतानाच डोकं लावावं लागतं. बाबा हे समजावून सांगायला लागले तर ऐकून घ्या.

पुढं थॉमसची हवा मागे पडली, कारण हवेतला नायट्रोजन पोलादात विरघळून तेही ठिसूळ करायचा. शुद्ध ऑक्सिजन फुंकायची पद्धत आली. हर्डेचा ऑक्सिजन पद्धतीचा स्टील प्लांट २००१ मध्ये बंद झाला. चीनच्या शागांग कंपनीने तो विकत घेतला आणि सुटा करून जहाजांनी नेला. त्यामुळे पाण्याच्या जागी काही शोधू नका, तिथली यंत्रं आता चीनमध्ये आहेत.

ब्लास्ट फर्नेस, म्हणजे खनिजातून लोखंड काढणाऱ्या भट्ट्या, वेगळ्या जागी होत्या, फिनिक्स वेस्टला. त्या १९९८ मध्ये बंद झाल्या आणि सांगाडा अजून उभा आहे. वितळलेलं लोखंड तिथून हर्डे गावातून रुळांवरून इकडच्या स्टील प्लांटात यायचं. वेस्टला बाहेरून बघायला पैसे लागत नाहीत, वर चढायचं तर मार्गदर्शकासोबतच.

पण खरं सांगू, फर्नेस जवळून बघायची असेल तर डुइसबुर्गला उतरा. तिथल्या मायडेरिख भागातला थिसेन कंपनीचा प्लांट १९८५ ला बंद झाला, आता तिथं लांडशाफ्ट्सपार्क आहे, सुमारे १८० हेक्टर, प्रवेश फुकट. डुइसबुर्ग मुख्य स्टेशनातून ९०३ नंबरची ट्राम. फर्नेस ५ वर जिन्याने चढता येतं, पायऱ्या जाळीच्या आहेत, खालचं दिसतं. बाबांनी चढू नये. खालचा कास्ट हाउस (वितळलेलं लोखंड बाहेर काढायची शेड), लोखंडाची नाली, टॅपहोल (भट्टीचं लोखंड सोडायचं भोक) हेच त्यांना जास्त आवडेल. जुन्या गॅसोमीटरमध्ये (गॅस साठवायच्या टाकीत) पाणी भरून पाणबुडे सराव करतात. माझं मत, सकाळी नऊला डुइसबुर्ग, दुपारी एकला निघून हर्डे. आधी भट्टी बघितली म्हणजे तळ्याकाठी उभं राहिल्यावर काय गेलंय ते कळतं. उलटं केलंत तर तळं हे नुसतं तळंच दिसेल.

जालना_रोलिंग
लॅडलदादा, बाबांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं स्लॅग, तेल, स्केल (गरम पोलादावरची खपली) मुरलेल्या जमिनीत पाणी भरलं तर ते स्वच्छ कसं राहील? आणि पूर्ण फेरी किती चालावी लागेल?

पाणलोट_बीड
काकांचा प्रश्न अगदी नेमका आहे. जमीन आधी खणून, पाया उखडून, माती तपासून हलवली. जवळपास २५ लाख घनमीटर माती हलली. त्यातून पूर्वेकडे कैझरबेर्ग नावाची टेकडी केलीय. पाणी सोडायला ऑक्टोबर २०१० मध्ये सुरुवात झाली, मे २०११ मध्ये काठ लोकांना खुले झाले. तळं २४ हेक्टरचं, लांबी साधारण सव्वा किलोमीटर, खोली चार मीटरच्या थोडी वर. म्हणजे उथळच.

उथळ तळ्याचा शत्रू फॉस्फरस. तो वाढला की शेवाळ माजतं, पाणी हिरवं होतं. म्हणून तिथं फॉस्फेट काढणारा प्लांट बसवलाय, पाणी त्यातून फिरवतात. पाणी मुख्यतः पावसाचं आणि भूजलाचं आहे, नदीचं नाही. एम्शर नदी तळ्याला लागून पण वेगळ्या पात्रातून वाहते. ही नदी कारखान्याच्या खाली शंभरेक वर्षं नळीत कोंडलेली होती आणि सांडपाणी वाहायची. महापुरात मात्र तिचं जादा पाणी तळ्यात घेतात. बांधावर उभं राहिलात तर एकीकडे स्थिर पाणी, दुसरीकडे गवतातून वळणं घेणारी लहानशी नदी दिसते. हे बघायला विसरू नका.

पाणी नितळ ठेवल्याने वेगळी अडचण झाली: ऊन तळापर्यंत जातं, मग पाणवनस्पती वाढतात आणि होड्यांच्या वल्ह्यांत गुंततात. त्यामुळे यंत्राच्या होडीने त्या कापाव्या लागतात. पोहायला बंदी आहे, मुलं सोबत असतील तर आधीच सांगून ठेवा.

पूर्ण फेरी ३ किलोमीटरच्या थोडी वर, सपाट आणि पक्की. काकांनी पूर्ण करू नये. गढी, कन्व्हर्टर, बंदर आणि काठाचा अर्धा किलोमीटर, मग बाकावर. तुम्ही तिघं कैझरबेर्गवर जाऊन या, वरून सगळं तळं एका नजरेत येतं. चालायची आणि सायकलची वाट वेगळी आहे. सायकलच्या वाटेवर फोटोसाठी थांबू नका, मागून येणारे वेगात असतात.

धपाटे_लातूर
खाण्याचं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लाडू न्या. लाडू तुपातले असले तरी चालतात असं समजून नेऊ नका. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानात नेता येत नाहीत. तुपाचा डबा, पेढे, खवा, पनीर घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता, ताजी फळंही नको. लाडू तेलातले करा.

तिथं तुर्की दुकानात फलाफेल मिळतो, 'ओने फ्लाइश' म्हणजे मांसाशिवाय. बेकरीत चीजचे पाव असतात, पण वर बारीक तुकडे दिसले तर 'श्पेक' आहे का विचारा, ते डुकराचं असतं. सुटे युरो ठेवा, स्वच्छतागृहाला नाणी लागतात. एप्रिलमध्ये तळ्यावर वारा झोंबतो, आपल्या डिसेंबरच्या पहाटेसारखा. काकांना कानटोपी द्या.

जालना_रोलिंग
सगळ्यांचे आभार. शेवटचं एक. आपल्याकडच्या बंद पडलेल्या मिलच्या आवारात असं काही करता येईल का?

पाणलोट_बीड
तसंच्या तसं नाही. डॉर्टमुंडला पाऊस वर्षभर पडतो आणि ऊन कमी. आपल्याकडं पाऊस चार महिने, आणि उघड्या पाण्यातून वर्षाला दीड ते दोन मीटर पाणी उडून जातं. तिथल्यासारखं सरासरी अडीच मीटरचं तळं मे महिन्यात चिखल होईल. त्याला भरत बसायचं तर टँकर लागतील, आणि ते पाणी लोकांच्या तोंडचं.

जमेल ते असं: लहान आकाराचं, पाच-सहा मीटर खोल शेततळ्यासारखं, पत्र्याच्या शेडवरचं पावसाचं पाणी धरणारं. पण शेडवरची धूळ आणि गंज आधी एका टाकीत बसू द्यायचा. खणण्याआधी माती तपासा. स्क्रॅपचा ढीग, तेलाच्या टाक्या आणि ट्रान्सफॉर्मर जिथं होते तिथला नमुना वेगळा घ्या, सगळ्या आवाराचा एकत्र मिसळलात तर खराब जागा लपते. काठाला कडुनिंब आणि करंज लावा. आणि एक रोल स्टँड (पोलाद दाबणाऱ्या रोलरांची चौकट) भंगारात न देता तिथंच उभा ठेवा.