बंगई आणि सोफा एकाच बैठकीत: तुमच्या घरी कसं जमलं?

जळगाव (धागा सुरू करताना)

आमचं नवं घर झालं तेव्हा बैठकीवरून सहा महिने धुसफूस चालली होती. सासूबाई चोपड्याकडच्या. त्यांच्याबरोबर सागवानी बंगई, म्हणजे घरातला झोपाळा, आली, पितळी साखळ्यांची, कड्यांवर मोर कोरलेले. शिवाय भिंतभर तांब्या-पितळेची भांडी मांडायची त्यांची हौस. मला हवी होती मोकळी पांढरी भिंत आणि एक बुटका राखाडी सोफा. बंगई गच्चीवर ठेवू या का, असं मी विचारलं. त्या अहिराणीत एवढंच म्हणाल्या, "मनी बंगई आठेच ऱ्हाई." (माझी बंगई इथेच राहील.) पुढे दोन दिवस अबोला.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. नणंदा माहेरपणाला आल्या आणि कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेल्या बंगईच्या पाटावर तिघी दाटीवाटीने बसल्या. सोफा रिकामाच. ते बघून मी त्याच संध्याकाळी मिस्त्रींना बोलावलं.

स्लॅब टाकताना हुक सोडलेले नव्हते. नुसतं भोक पाडून खिळवलेल्या हुकावर माणसं झुलवू नका, असं इंजिनिअरने बजावलं होतं. म्हणून त्याला विचारून बीमला लोखंडी पट्ट्या आवळून घेतल्या आणि त्यांत कड्या अडकवल्या. झोक्याला पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळं ठेवलं. पाट जमिनीपासून दीड फुटावर आला. बुटका सोफा मात्र बदलला. नवा पाटाच्याच उंचीचा घेतला. आता बंगईवरचा आणि सोफ्यावरचा माणूस समोरासमोर नजर मिळवून बोलतो. बैठक खऱ्या अर्थाने तेव्हा जुळली, रंगांचं नंतर बघितलं.

भांड्यांपैकी सातच बाहेर ठेवायची, पण ती सासूबाईंनी निवडायची, असं ठरलं. पांढऱ्या भिंतीसमोर एकटं घंगाळ ठेवलं तर त्याच्या काठावरचे ठोक्यांचे वळसेसुद्धा दिसतात. गर्दीत ते मलाही कधी दिसले नव्हते. दिवाळीला माळ्यावरची भांडी खाली येतात आणि ही वर जातात.

दोन आवडी एका खोलीत नांदवताना तुमच्याकडे काय झालं, सांगाल?

धुळे

आमच्याकडे उलटं. जुन्याची ओढ मला, नव्याची मुलाला. वडिलांचं सागवानी फडताळ त्याच्या पांढऱ्या फर्निचरला शोभेना म्हणून मी गावाला गेलो असताना त्याने ते ऑइलपेंटने पांढरं करून टाकलं. मला फार लागलं ते. रंग घासून काढायला तीन आठवडे गेले आणि नक्षीच्या खाचांत तो अजूनही आहे. पण घासायला मुलगाही रोज रात्री बसायचा. सगळ्यांना एकच सांगतो, जुन्या लाकडाला ब्रश लावण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा. लाकडाचे रंग तंतोतंत जुळायला हवेत असंही नाही. आमच्याकडे गडद फडताळाच्या शेजारी फिकं टेबल आहे. दोन्हींना एकाच घडणीच्या पितळी मुठी बसवल्या, तेवढ्याने ते सोबती वाटतात.

भुसावळ

रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो. बायकोला मखमली मरून सोफा हवा होता, मला भारतीय बैठक. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा मखमलीवर कोणीच टेकेना. कूलरच्या ओल्या झोताने माझ्या दिवाणाचं प्लायसुद्धा फुगलं, म्हणजे दोघांचंही चुकलं. आता लोखंडी पायांचा दिवाण आहे, त्यावर गादी, लोड-तक्के आणि सुती खोळी. उन्हाळ्यात पांढऱ्या आणि दिवाळीपासून होळीपर्यंत तिच्या आवडीच्या मरून. कूलर भिंतीपासून लांब सरकवला.

अमळनेर

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. सगळी भाऊबंदकी घरात असते, म्हणून बैठकीचा मधला भाग रिकामा करता यायलाच हवा. जाऊबाईंनी जड काचेचं टीपॉय आणलं होतं, ते दर वर्षी चौघांनी उचलायचं. शेवटी ते त्यांच्या खोलीत गेलं आणि बैठकीत दोन हलके पाट-टेबल आले. नवं काही घ्यायच्या आधी सणाच्या दिवशी खोली कशी वापरली जाते ते आठवून बघा.

नंदुरबार

नवऱ्याला काच आणि स्टील आवडतं, मला बांबू. धडगावकडच्या कारागिरांच्या हातच्या टोपल्या मी बाजारातून आणत राहायचे आणि तो म्हणायचा, घराचं गोदाम करू नकोस. एकदा लाइट गेले होते. मी मोबाइलची बॅटरी लावून त्यावर टोपली उपडी टाकली. छतावर विणीची जाळी उमटली. तो बराच वेळ वर बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानेच होल्डर आणला. एलईडीच लावला, बांबूला तापणारा दिवा नको. आता त्याच्या काचेच्या टेबलावर माझ्या टोपलीची सावली पडते.

फैजपूर

नंदुरबारच्या ताई, बांबूवरून आठवलं. डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्याची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी केली होती, गावाकडच्याच साध्या साहित्यातून. बांबूला कमी लेखणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, सुनेलाही सांगितलं. तिने मन लावून ऐकलं आणि तिच्या काळ्या टीव्ही युनिटवर माझं सूप टांगलं. शेणाने सारवलेलं आहे, तसंच ठेवलंय.

पाचोरा

आमचं अजून जमलेलं नाही. दीर-जावेला सोनेरी काठांचे जड पडदे हवेत, आम्हाला खिडकी उघडी हवी. बैठक एकच. कोणी दुखावू नये असं फार वाटतं.

जळगाव (धागा सुरू करणारी)

पाचोऱ्याच्या ताई, पडद्याचा दांडा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना फूटभर लांब घ्या. पडदे सारले की भिंतीवर येतात, सोनेरी काठ पूर्ण दिसतात आणि खिडकीही सगळी उघडते. दांडा मात्र जाड घ्या, जड पडद्याने बारीक दांडा मध्ये वाकतो. लावल्यावर जाऊबाई काय म्हणाल्या ते नक्की लिहा, मी वाट बघतेय.