प्रतिसाद: फक्त रक्तवाल्या कंपन्याच कशाला

वर कोणीतरी म्हटलंय की हॉर्सशू क्रॅब (घोड्याच्या नालेसारखं कवच असलेला समुद्री जीव) संपतायत ते केवळ औषध कंपन्या औषधं-लसींत जंतूंचं विष नाही ना हे तपासायला त्यांचं रक्त काढतात म्हणून. अर्धं पटलं. रक्त काढून परत सोडलेल्यांपैकी साधारण १५ टक्के मरतात असं धरतात, ते काही थोडं नाही, पण डेलावेअर बेमध्ये (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची खाडी) खरा फटका बसला तो ९०च्या दशकात, ईल आणि मोठे समुद्री शंख पकडायला आमिष म्हणून यांना लाखोंनी मारलं तेव्हा. त्यातही अंड्यांनी भरलेल्या माद्याच हव्या असायच्या, आणि मादी वयात यायलाच नऊ-दहा वर्षं लागतात, मग भरून कसं निघणार! त्या खाडीकाठच्या न्यू जर्सी राज्याने २००८ला ही पकड बंदच केली.

पण किनाऱ्याबद्दल इथे कोणी बोललंच नाहीये. मे-जूनमध्ये भरतीला हे वर येतात अंडी घालायला, त्यांना उताराची वाळू लागते, आणि घरं वाचवायला लोकांनी तिथे भिंती नाहीतर आपल्या कोकणातल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासारखे दगड टाकलेत. ओहोटी लागली की दगडांच्या फटीत अडकलेले तिथेच उन्हात वाळून मरतात. मी इथे जर्सीत व्हॉलंटियर म्हणून रात्री जाते, टॉर्च घेऊन दगडांतून ते काढून पाण्यात सोडायचे, एवढंच काम (शेपटीला धरून उचलायचं नाही हां, कवचाच्या कडेला धरायचं, नवीन लोक हमखास शेपटीच धरतात). २०१२च्या सँडी वादळात वाळू वाहून गेली तेव्हा ट्रकने नवी आणून टाकली होती काही बीचवर. रक्ताला आता रिकॉम्बिनंट (क्रॅबशिवाय प्रयोगशाळेत बनवलेला) पर्याय तरी आहे, दगडांचं काय करणार?