सोसायटीत पेस्ट कंट्रोल: परवाना नसलेल्याला गेटच्या आत घ्यायचं का?

ठाणेकर_मृ
येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. कृषी विभागाचा परवाना दाखवल्याशिवाय कुठल्याही पेस्ट कंट्रोलवाल्याला आत सोडायचं नाही, मग काम एखाद्या फ्लॅटचं असो की तळमजल्यावरच्या दुकानाचं. कमिटीतल्या बऱ्याच जणांना हे जाचक वाटतंय.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्यात कलम १३ आहे. धंदा म्हणून कीटकनाशक मारायचं तर त्यानुसार परवाना लागतो. आपल्या घरात आपण स्प्रे मारायला लागत नाही. लोक महापालिकेत चौकशी करतात, पण हा परवाना राज्याचा कृषी विभाग देतो. आमच्याकडे आलेल्या कोटेशनांना गुमास्ता आणि जीएसटीची कागदं जोडलेली होती. त्यातून दुकान आहे एवढंच कळतं, औषध हाताळता येतं की नाही ते कळत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळ कुंद्रत्तूरला एका घरात उंदरांसाठी विष ठेवून पेस्ट कंट्रोलवाले गेले. घरचे रात्री तिथेच झोपले आणि दोन लहान मुलं दगावली. आपल्या इमारतीत असं काही होण्याची वाट बघायची का?

पंपवाला_वसई
ताई, त्या प्रकरणात नंतर कृषी विभागाने कंपनीचा परवाना रद्द केला. म्हणजे परवाना होता. मग कागदाने कोण वाचलं?

मी मोठ्या कंपनीत पंप मारून हे काम शिकलो, आता सुटी कामं घेतो. परवान्याला शेतीची पदवी किंवा रसायनशास्त्र घेतलेली विज्ञानाची पदवी पाहिजे, वर मैसूर, हापूड नाहीतर हैदराबादच्या संस्थेतलं किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण. बारावी झालेल्या माणसाने काय करायचं? कंपन्यांमध्ये परवाना एका साहेबाच्या शिक्षणावर निघतो आणि तुमच्या स्वयंपाकघरात येतो तो महिन्यापूर्वी कामाला लागलेला पोरगा. तो चालतो, मी चालत नाही. झुरळांच्या जेलचे ठिपके लावायला पदवी लागत नाही, बिजागरीत कुठे लावायचे ते हाताला माहीत असावं लागतं.

धान्यकोठार
जेलपुरतं तुमचं बरोबर आहे, दादा. पण ठराव जेलसाठी नाहीच. साठवणुकीच्या धान्याचं काम मी अनेक वर्षं केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

धान्यातली कीड मारायची ॲल्युमिनियम फॉस्फाइडची ३ ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्याने साधारण १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. गोदामात पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री घालून, कडा दाबून, माणसं बाहेर काढून हे काम करतात. फॉस्फिनवर उतारा नाही, डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करू शकतात. ही गोळी सर्वसामान्यांना विकायला परवानगी नाही. तरी ढेकणांसाठी ती बेडरूममध्ये लावून 'दोन दिवस दार बंद ठेवा' असं सांगणारे आहेत. वायू दार बघत नाही. भिंतीतली फट, पाइपची भोकं, डक्ट यांतून तो शेजारच्या खोलीत जातो, आणि शेजाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ज्याने फ्युमिगेशन, म्हणजे विषारी वायूने कीड मारणं, शिकलेलं आहे तो फ्लॅटमध्ये ही गोळी काढणारच नाही. प्रशिक्षणाचे ते १५ दिवस यासाठी असतात.

डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाचं तेच. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. बिनलेबलच्या बाटलीतून काही उग्र वासाचं फवारलं जात असेल तर ते काय आहे हे विचारायची सोय हवी. परवाना असलेल्याला निदान विचारता येतं. कुंद्रत्तूरला रद्द करायला परवाना तरी होता.

मिसळ_कोल्हापूर
हॉटेलवाल्याची बाजू ऐका. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतल्या परिशिष्ट ४ मुळे कीडनियंत्रण आम्हाला चुकत नाही, नोंदीही ठेवाव्या लागतात. पण तपासणीत बहुतेक वेळा प्रमाणपत्र मागतात, ते देणाऱ्याचा परवाना कुणी मागत नाही. त्यामुळे फवारणी न करता प्रमाणपत्र पोचवणारेही आहेत. सोसायटीने नियम केला की हेच होणार, फायलीत झेरॉक्स जमा होतील. मला सक्ती नको. चांगला माणूस धरा आणि त्याच्याशी टिकून राहा.

धान्यकोठार
@मिसळ_कोल्हापूर, तुमच्याकडे चांगला माणूस आहे याचा आनंद आहे. नव्याने भाड्याने राहायला आलेल्या पोरांनी तो कसा ओळखायचा?

जर्सीतली_आत्या
न्यू जर्सीत कंपनीला परवाना लागतो आणि फवारणाऱ्यालाही स्वतःचा लागतो. घरातले कीटक आणि वाळवी यांच्या परीक्षा वेगळ्या. प्रमाणित माणसाच्या हाताखाली काम करणाऱ्यालाही प्रशिक्षण घेऊन नोंद करावी लागते. वसईच्या दादांसारख्यांना आत यायला दार आहे. आपल्याकडे ही मधली पायरीच नाही आणि मला खरा दोष तिथे दिसतो.

पंपवाला_वसई
आत्या, हे मी मान्य करतो. अशी परीक्षा मराठीत घ्या, उद्या बसतो. पण ती होईपर्यंत ताईंच्या ठरावाने माझं काम जाणार आणि कंपनीच्या नवख्या पोराचं राहणार.

ठाणेकर_मृ
दादा, तुमचा नवख्या पोराचा मुद्दा ठरावात घेते. परवान्याच्या प्रतीसोबत प्रत्यक्ष येणाऱ्या माणसाचं नाव आणि त्याला प्रशिक्षण दिल्याचं कंपनीचं पत्र मागायचं. औषधाचा मूळ डबा गेटवर दाखवायचा, लेबलवर लाल त्रिकोण, म्हणजे अत्यंत विषारी असल्याची खूण, असेल तर काम थांबवायचं. वरच्या-खालच्या आणि शेजारच्या घरांना आदल्या दिवशी लेखी कळवायचं. गोळीचं फ्युमिगेशन फ्लॅटमध्ये कुणीच करायचं नाही, परवाना असला तरी.

परवान्याची अट मात्र मी सोडणार नाही. तुम्ही परवानाधारकाशी जोडून घ्या, त्याच्या नावावर आणि त्याच्या देखरेखीखाली या. काही झालं तर जबाबदार कोण हे मला आधी माहीत असायला हवं.

पंपवाला_वसई
जोडून घेतलं की निम्मे पैसे तो घेतो, ताई. तेवढा दर तुमची सोसायटी वाढवून देणार का? सभेत तेही विचारा.