ईद यंदा पाडव्याला लागून येतेय, फ्लॅट स्कीममधल्या (सोसायटीतल्या) लोकांना घरी बोलवायचंय, कसं करू?

बेसा_रोडची_आपा
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. दिवाळीनंतर आम्ही नागपुरातली आमची जुनी मुस्लिम वस्ती मोमीनपुरा सोडून बेसा रोडला फ्लॅटमध्ये राहायला आलो, नवऱ्याचं ऑफिस मिहानला म्हणून. स्कीममध्ये आमचंच एक मुस्लिम घर. लोक चांगले आहेत हो, समोरच्या काकू इफ्तारीच्या टायमाला कापलेलं टरबूज देऊन जातात आणि परवा होळीला माझ्या मुलीच्या गळ्यात सगळ्यांआधी गाठी त्यांनीच घातली. म्हणून ईदला सगळ्यांना बोलवायचं मनात आहे.
पण मोमीनपुऱ्यात कोणाला बोलवावं लागतच नव्हतं न! नमाज झाली की दार उघडं, जो आला त्याच्या हातात वाटी, मग तो नवऱ्याचा दोस्त असो की दुधवाला. सासूबाई तर हसून राहिल्या, "ईद का कायका न्योता". इथं मेसेज टाकल्याशिवाय कोणी येणार नाही. आणि मेसेजमध्ये तारीख काय टाकू? चांद दिसला तर शुक्रवारी २० मार्चला, नाही तर शनिवारी २१ ला. त्यात १९ ला पाडवा, म्हणजे चैत्रातलं नवरात्र सुरू, चार-पाच घरी उपास असतो म्हणे. शिवाय ईदच्या दिवशी आम्ही सकाळपासून सासरीच असणार, ते काही चुकत नाही.
तर टाइम कोणता ठेवू, व्हेज-नॉनव्हेजचं काय करू, आणि चाळीसेक लोकांना शीरखुर्मा किती लागेल? माझा अंदाज घरच्या गंजापुरताच (पातेल्यापुरताच) आहे, तिकडे मोठा गंज सासूबाईच चढवतात, मला हात लावू देत नाहीत 😅

धरमपेठ_काकू
अगं रविवारी २२ ला ठेव की! चांद शुक्रवारचा असो की शनिवारचा, रविवार तर हलत नाही. तुमच्यात बासी ईदला, म्हणजे ईदनंतरच्या दिवशी, येणंजाणं चालतंच न, माझी कॉलेजची मैत्रीण दरवर्षी दुसऱ्या दिवशीच बोलवायची कारण पहिल्या दिवशी तिचं घर नातेवाइकांनीच भरलेलं असे. आणि टाइम देताना "पाच वाजता या" असं नको लिहू, "चार ते आठ केव्हाही या" असं लिही, नाहीतर चाळीसच्या चाळीस एकदमच येतील आणि तू किचनमध्येच अडकशील.
उपासाचं म्हणशील तर ज्यांच्याकडे घट बसतो त्यातले काही जण दुसऱ्याकडचं शिजलेलं खातच नाहीत, कोणाकडचंच. मी पण त्या नऊ दिवसांत सख्ख्या बहिणीकडे फक्त फळं खाते. तेव्हा कोणी वाटीला नाही म्हटलं तर मनाला लावून नको घेऊस. खजूर आणि मृग बहाराची संत्री ठेव, मार्चमध्ये मिळतातच.

बर्डी_ते_बुटीबोरी
मी एकटाच विचारून राहिलो का, बिर्याणीचं काय?? ईदला बोलवून छोले खाऊ घालणार का बाप्पा. आमच्यासारखे वर्षभर वाट पाहतात.

धरमपेठ_काकू
@बर्डी_ते_बुटीबोरी तुला कोणी बोलवलंय आधी 😂

जुना_मोमीनपुरेकर
बेटी, वालेकुम सलाम आणि नमस्कार दोन्ही. प्रमाण लिहून घे. छोटी वाटी साधारण शंभर मिलीची धरली तर चाळीस जणांना चार लिटर तयार शीरखुर्मा लागतो. त्यासाठी फुल क्रीम दूध पाच लिटर घे आणि मंद आचेवर आटव. शेवई एकदम बारीक, पाव किलो पुरते, तुपात लालसर परतायची. खारीक पाव किलो रात्रभर भिजवून बी काढायची, लांब चिरायची, मग तुपावर परतून दुधात. बदाम, पिस्ता, काजू शंभर-शंभर ग्रॅम, चारोळी पण तेवढीच, चारोळीत कंजुसी केली की मजा गेली. साखर आधी चारशे ग्रॅमच टाक, खारकेचा गोडवा उतरतो, मग चाखून वाढव.
आता खरी गोष्ट. शेवई आधीच टाकून ठेवलीस तर दोन तासात सगळं दूध पिऊन टाकते आणि गंजात पळी उभी राहते. घरी एका दमात संपतो तेव्हा चालतं, पण तुझे लोक चार ते आठ येणार. म्हणून दूध-मेवा एका गंजात आणि परतलेली शेवई वेगळ्या डब्यात ठेव, दर खेपेला लागेल तेवढंच दूध गरम करून त्यात टाक आणि पाच मिनिटं उकळ. याने उपासवाल्यांचं पण काम होते. शेवई गव्हाची म्हणून त्यांना चालत नाही, पण बिनाशेवईचं खारीक-बदामाचं केशर दूध कोणत्या उपासाला नाही चालत? त्यांच्यासाठी आधीच वेगळं काढून ठेव.
मार्चअखेरीचं नागपूर आहे, दूध बाहेर ठेवायचं नाही, उरलेलं लगेच फ्रीजमध्ये. थंडा शीरखुर्मा तर मला जास्तच आवडतो, पण हे आमच्या घरी बोलायची सोय नाही.

पंचांगवाला_पोट्टा
थोडं ऑफ टॉपिक. मागच्या वर्षी पण असंच होतं, ३० मार्च २०२५ ला पाडवा आणि ३१ ला ईद. कारण सोपं आहे, दोन्ही चांदावरच चालतात आणि चांद्र वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, म्हणून दोन्ही सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. फक्त आपल्याकडे मध्येच अधिक महिना टाकून गाडी परत ऋतूवर आणतात, हिजरी कॅलेंडरमध्ये तो प्रकार नाही. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी पाडवा थेट ७ एप्रिलला जाणार आणि ईद १० मार्चच्या आसपास. म्हणजे आपा, नवरात्राचं हे टेन्शन पुढच्या वर्षी नाही.

शेजारचा_दादा
आमच्याही शेजारी एक मुस्लिम फॅमिली आहे म्हणून उलट बाजूने विचारतो, ईदच्या दिवशी सकाळीच मुबारक करायला गेलं तर चालते का? की डिस्टर्ब होते? आणि काय न्यावं?

जुना_मोमीनपुरेकर
सकाळी लवकर नको. फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, घरात नुसती धावपळ असते, सगळ्यांच्या आंघोळी, नवे कपडे, अत्तर, खजूर खाऊन नमाजला निघायचं. फितरा, म्हणजे ईदचं गरिबांसाठीचं दान, राहिला असेल तर तो पण नमाजच्या आधीच द्यावा लागतो, घरातल्या माणशी एक, पाळण्यातल्या पोराचा सुद्धा, म्हणजे गरिबाच्या घरी पण त्या दिवशी चूल पेटावी. नमाजनंतर खुतबा (इमामाचं प्रवचन), गळाभेट, काही लोक तिथून कब्रस्तानला जातात. अकरानंतर बिनधास्त जा. नेलंच तर संत्रा बर्फी ने, पण रिकाम्या हाताने गेलास तरी कोणी तुझ्या हाताकडे पाहणार नाही. लहान पोरं सोबत असतील तर ती ईदी घेऊनच परत येतील हे मात्र लक्षात ठेव.

बेसा_रोडची_आपा
सगळ्यांना खूप खूप शुक्रिया! रविवार २२, चार ते आठ, फायनल. नवऱ्याला आवडलं, म्हणे मला पण सुट्टी. सासूबाईंना सांगितलं तर आता त्या स्वतःच येणार म्हणतात, गंज त्यांचा आणि पळी पण त्यांचीच 🙈 ईदी मी स्कीममधल्या सगळ्या पोरांना देणार, दहा-दहाच्या कोऱ्या नोटा बँकेतून आणायला सांगितल्यात.
नॉनव्हेजचं असं ठरवलं की रविवारी घरात फक्त शीरखुर्मा, दहीवडे आणि छोले, आणि मेसेजमध्ये आधीच लिहून टाकणार की सगळं व्हेज आहे, म्हणजे कोणाला दारात उभं राहून विचारायला लाजायला नको. बिर्याणी ईदच्याच दिवशी सासरी.

बर्डी_ते_बुटीबोरी
मग मी सासरी येतो.

बेसा_रोडची_आपा
@बर्डी_ते_बुटीबोरी या न भाऊ, तिथं खरंच कोणी विचारत नाही तुम्ही कोणाचे. फक्त गाडी आणू नका, दोसर वैश्य चौकापर्यंत मेट्रोने या आणि पायी चला.
काका एक राहिलं, आमच्या इकडे मॉलमध्ये चारोळी छोट्या छोट्या पाकिटात आहे, भाव ऐकून पाकीट परत ठेवून दिलं. सुटी कुठे मिळेल?

जुना_मोमीनपुरेकर
इतवारीत किराणा ओळीत जा. पण आत्ताच जा, शेवटच्या आठवड्यात भाव पण चढतो आणि माल पण जुना देतात. दोन दाणे तोंडात टाकून पाहा, खवट लागले तर पुढच्या दुकानात.