प्रतिसाद: फुलपाखरांच्या बागेत रंग एकेक की एकगठ्ठा?

प्रत्येक रंगाचं एकेक रोप लावायचा तुमचा बेत आहे, पण माझा आग्रह आहे की रंग कमी घ्या आणि एकगठ्ठा लावा. एकाच रंगाची पाच-सहा रोपं जवळजवळ असली की तो पट्टा फुलपाखराला लांबूनच दिसतो, आणि एकदा उतरलं की ते बराच वेळ तिथेच रमतं.

लाल पेंटास मधोमध, मागे उंच निळ्या-जांभळ्या फुलांची जमैकन स्पाईक आणि कडेला हळदीकुंकू (लाल-पिवळ्या फुलांचं झुडूप), ही जोडणी आपल्याकडे बारमाही चालते. पेंटासचा एक गुच्छ नीट बघा: वीस-तीस चिमुकल्या चांदण्या, प्रत्येकीला बारीक नळी. ब्लू मॉरमॉन (२०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू) पंख फडफडवतच एकेका नळीत सोंड घालत जातं. पाकोळी (स्वॅलोटेल) गटातल्या या फुलपाखरांना लाल रंग छान दिसतो, मधमाश्यांना तो जवळजवळ दिसत नाही. पांढरा रंग थोडाच ठेवा, लाल-निळ्याच्या मधे तो डोळ्यांना बरा वाटतो.

दुहेरी पाकळ्यांच्या संकरित जाती कितीही देखण्या असल्या तरी टाळा, बऱ्याचदा त्यांत मधापर्यंत पोचताच येत नाही. घाणेरीही नको, ती फार पसरते.

आणि हिरवा रंग विसरू नका! लिंबू आणि कढीपत्त्यावर पाकोळ्यांच्या अळ्या वाढतात, हळदीकुंकवावर प्लेन टायगर या फुलपाखराच्या. पानं कुरतडलेली दिसली तर कृपा करून औषध फवारू नका. हळदीकुंकू छाटताना मात्र हातमोजे घाला, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो.